देणारा कोण, घेणारा कोण?
‘लेंड’ आणि ‘बॉरो’ या दोन क्रियापदांचा अभ्यास

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य वर्षानुवर्षे भेटत असते : ‘माय फादर लेंट फिफ्टी थाउजंड रुपीज फ्रॉम द बँक.’ लिहिणाऱ्याला सांगायचे असते की, वडिलांनी बँकेकडून पन्नास हजारांचे कर्ज काढले. वाक्यात काळ बरोबर आहे, शब्दांचा क्रम बरोबर आहे, स्पेलिंगही बिनचूक आहे. परंतु एका क्रियापदाने वडिलांना सावकाराच्या गादीवर बसवले आहे आणि बँकेला त्यांच्या दारात हात पसरून उभे केले आहे!

परीक्षेत या चुकीची किंमत फार तर एक गुण. पण आपला जिल्हा कापसाचा. मृग जवळ आला की बी-बियाणे आणि खते यांसाठी घरोघरी पैशाची जुळवाजुळव सुरू होते. कोणी सोसायटीकडे जातो, कोणी बँकेकडे, तर कोणी सावकाराकडे. जो कागद पुढे येतो, त्यावर पुष्कळदा इंग्रजी शब्द असतात आणि घरातील शिकता मुलगा किंवा मुलगी तो कागद वाचील, अशी आईवडिलांची अपेक्षा असते. तेथे ‘लेंडर’ कोण आणि ‘बॉरोअर’ कोण, हा प्रश्न एका गुणाचा राहत नाही. म्हणून या दोन क्रियापदांचा जरा सविस्तर विचार करू. उच्चारही नीट बसावा म्हणून इंग्रजी वाक्ये नागरीतच दिली आहेत.

१. घोटाळ्याचे मूळ

हा घोटाळा बुद्धीच्या कमतरतेमुळे होत नाही. तो आपल्या भाषेच्या घडणीमुळे होतो. मराठीत आपण ‘उसने देतो’ आणि ‘उसने घेतो’. ‘भाड्याने देतो’ आणि ‘भाड्याने घेतो’. ‘कर्ज देतो’ आणि ‘कर्ज घेतो’. व्यवहाराचे नाव एकच. तो कोणत्या दिशेने झाला, हे वाक्याच्या शेवटी येणारे ‘देणे’ किंवा ‘घेणे’ सांगते. मराठी माणूस आधी व्यवहार बोलतो आणि मग दिशा.

इंग्रजीत व्यवहार आणि दिशा एकाच शब्दात बांधलेली आहेत. ‘लेंड’ म्हणजे उसने देणे, ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे. विद्यार्थी वहीत दोन्ही अर्थ बरोबर उतरवून घेतो. परंतु पाठ करताना दोन्हींचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे ‘उसने’, तेवढाच लक्षात राहतो आणि ‘देणे-घेणे’ गळून पडते. मग ऐन वेळी हाताला येईल ते क्रियापद वाक्यात जाते.

असे केवळ आपलेच होते असे नाही. जर्मन भाषेतील ‘बोर्गन’ हे क्रियापद देणे आणि घेणे अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. डच भाषेतील ‘लेनेन’चेही तसेच. त्या भाषा बोलणाऱ्यांनाही इंग्रजी शिकताना येथेच अडखळायला होते. उलट मराठीत ‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’ ही क्रियापदे स्पष्टपणे वेगळी आहेत. म्हणून ‘लर्न’ आणि ‘टीच’ यांत आपला विद्यार्थी सहसा फसत नाही. मातृभाषा जेथे दोन शब्द देते तेथे आपण सावध असतो. जेथे ती एकाच शब्दावर भागवते, तेथे सावधपणा मुद्दाम कमवावा लागतो.

२. एकच प्रश्न

वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : व्यवहाराच्या आदल्या दिवशी ती वस्तू किंवा रक्कम कोणाजवळ होती?

ती वाक्याच्या कर्त्याजवळ असेल तर क्रियापद ‘लेंड’. ती दुसऱ्या कोणाजवळ असेल आणि आता कर्त्याकडे आली असेल तर क्रियापद ‘बॉरो’. पन्नास हजार रुपये आदल्या दिवशी बँकेत होते, वडिलांजवळ नव्हते. वाक्याचा कर्ता ‘माय फादर’ आहे. म्हणून : ‘माय फादर बॉरोड फिफ्टी थाउजंड रुपीज फ्रॉम द बँक.’ हीच घटना बँकेला कर्ता करून सांगायची असेल तर : ‘द बँक लेंट माय फादर फिफ्टी थाउजंड रुपीज.’ घटना एक, वाक्ये दोन, आणि कर्ता बदलताच क्रियापद बदलले.

हिशेबाच्या जुन्या पुस्तकांत आणि कायद्याच्या मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत : ‘धनको’ आणि ‘ऋणको’. ज्याचे धन तो धनको, ज्याच्यावर ऋण तो ऋणको. ‘लेंडर’ म्हणजे धनको, ‘बॉरोअर’ म्हणजे ऋणको. हे शब्द आज बोलण्यात फारसे नाहीत, पण पाठ करून ठेवावेत असे आहेत. कारण ‘उसने’ या शब्दात जी दिशा नाही, ती या दोन शब्दांत आहे.

३. वाक्यातील बांधणी

‘बॉरो’नंतर, ज्याच्याकडून घेतले त्याच्या आधी ‘फ्रॉम’ येते. ‘शी बॉरोड अ सायकल फ्रॉम हर कझिन.’ तिने चुलतबहिणीकडून सायकल उसनी घेतली. येथे ‘टू’ कधीही येत नाही.

‘लेंड’ची बांधणी दोन प्रकारे होते. ज्याला दिले तो आधी आणि वस्तू नंतर : ‘हर कझिन लेंट हर अ सायकल.’ किंवा वस्तू आधी आणि मग ‘टू’ लावून माणूस : ‘हर कझिन लेंट अ सायकल टू हर.’ दोन्ही बरोबर. परंतु पहिल्या प्रकारात ‘टू’ घालू नये. ‘लेंट टू हर अ सायकल’ हे कानाला खटकते.

भूतकाळाची रूपे पाहा. ‘लेंड, लेंट, लेंट’ असे ते चालते. ‘लेंडेड’ असे रूप नाही. ‘बॉरो, बॉरोड, बॉरोड’ हे नियमित आहे.

वर्गात ऐकू येणारी विनंती घ्या. ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन?’ हे चूक. पेन समोरच्याजवळ आहे आणि वाक्याचा कर्ताही तोच आहे, म्हणून ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ कर्ता स्वतःला करायचे असेल तर ‘मे आय बॉरो युवर पेन?’ अशा रीतीने ‘यू’बरोबर ‘लेंड’ आणि ‘आय’बरोबर ‘बॉरो’ अशी विनंतीची जोडी ध्यानात ठेवावी.

आणखी एक बारकावा. ‘बॉरो’मध्ये वस्तू घेऊन जाण्याची आणि परत आणून देण्याची कल्पना आहे. जागची हलवायची नाही अशी वस्तू वापरायची असेल, तर इंग्रजीत ‘यूज’ म्हणतात. घरातील जात्यावर दोन मुठी दळायचे असतील तर ‘यूज’. पाटा उचलून आपल्या घरी न्यायचा असेल तर ‘बॉरो’.

‘लोन’ हे मुख्यतः नाम आहे. ‘ही टुक अ लोन’, त्याने कर्ज घेतले. ‘द बँक गेव्ह हिम अ लोन’, बँकेने त्याला कर्ज दिले. येथे मात्र मराठीसारखीच सोय आहे. नाम एक, आणि दिशा ‘टेक’ व ‘गिव्ह’ यांनी दाखवायची. ज्याला ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांची खात्री वाटत नाही, त्याने परीक्षेत या रचनेचा आधार घ्यायला हरकत नाही. अमेरिकेत ‘लोन’ क्रियापद म्हणूनही चालते. तेव्हा त्याचा अर्थ ‘लेंड’ असा, म्हणजे देण्याचाच असतो.

व्यवहार झाल्यानंतर जी स्थिती उरते, तिच्यासाठी ‘ओ’ हे क्रियापद आहे. ‘आय ओ हिम हंड्रेड रुपीज’ म्हणजे मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो. येणे असेल तर ‘ही ओज मी हंड्रेड रुपीज’. ज्याने ‘बॉरो’ केले तो ‘ओ’ करतो. ज्याने ‘लेंड’ केले, त्याचे येणे असते.

४. शब्दांचे कूळ

शब्दाचा जन्म ठाऊक असला की तो विसरत नाही. ‘बॉरो’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘बोर्ग’ या शब्दापासून आला. ‘बोर्ग’ म्हणजे तारण किंवा जामीन. तारण देऊन जो घेतो तो ‘बॉरो’ करतो. तेव्हा परत करण्याची जबाबदारी या शब्दाच्या मुळाशीच बसलेली आहे. ‘लेंड’ आणि ‘लोन’ ही एकाच घराण्यातील भावंडे. ‘लेंड’च्या शेवटी असलेला ‘ड’ मूळचा नव्हे. जुने क्रियापद ‘ड’शिवाय होते. भूतकाळाच्या रूपातील ‘ड’ पुढे सवयीने मूळ रूपालाच चिकटला.

दोन्ही शब्दांचे अर्थ पैशापलीकडेही पसरले आहेत. ‘लेंड अ हँड’ म्हणजे हातभार लावणे. वजाबाकीत एककातून अंक वजा होईना की आपण दशकाकडून एक घेतो. त्या घेण्यालाही इंग्रजीत ‘बॉरो’च म्हणतात. भाषाही एकमेकींकडून शब्द ‘बॉरो’ करतात. मराठीने इंग्रजीकडून ‘टेबल’, ‘पेन’, ‘तिकीट’ घेतले आणि परत केले नाही. हा एकच उसनवारीचा व्यवहार असा, की ज्यात धनकोचे काही कमी होत नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात पोलोनिअस परदेशी निघालेल्या मुलाला उपदेश करतो, त्यात धनको आणि ऋणको या दोन्ही भूमिकांपासून दूर राहायला सांगतो. दोन शब्द जोडीने लक्षात ठेवायला वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग उपयोगी पडावा.

५. त्याच वाटेवरील इतर शब्द

दिशेचा हाच घोटाळा ‘इश्यू’ या क्रियापदात होतो. ‘आय इश्यूड टू बुक्स फ्रॉम द लायब्ररी’ हे वाक्य महाविद्यालयात सर्रास बोलले जाते. परंतु ‘इश्यू’ करते ते ग्रंथालय. विद्यार्थी ‘बॉरो’ करतो. म्हणून ‘द लायब्ररी इश्यूड मी टू बुक्स’ किंवा ‘आय बॉरोड टू बुक्स फ्रॉम द लायब्ररी’ असे म्हणावे.

‘वेव्ह’, म्हणजे माफ करणे, हेही तसेच. हक्क ज्याचा, तोच तो सोडू शकतो. म्हणून ‘द फार्मर वेव्हड हिज लोन’ हे वाक्य अर्थाच्या दृष्टीने उलटे आहे. शेतकऱ्याचे कर्ज माफ झाले असे म्हणायचे असेल तर ‘द फार्मर्स लोन वॉज वेव्हड’. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली. त्यात यवतमाळही होता. त्या योजनेत थकीत पीककर्जावरील व्याज माफ करण्यात आले. मुद्दल माफ झाले नव्हते. इंग्रजीत हे सांगताना ‘द इंटरेस्ट वॉज वेव्हड’ आणि ‘द लोन वॉज वेव्हड’ यांत केवढे अंतर आहे, ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

काही इंग्रजी क्रियापदे मात्र दोन्ही दिशांनी चालतात. ‘रेंट’ घरमालकही करतो आणि भाडेकरूही. ‘लीज’चेही तसेच. तेथे दिशा सांगण्याचे सगळे काम ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ या चिमुकल्या शब्दांवर पडते. याचे उदाहरण शोधायला दूर जावयास नको. आपल्या वऱ्हाडाचाच इतिहास घ्या.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी निजाम सरकारला मोठ्या रकमा कर्जाऊ देत असे. ‘द कंपनी लेंट मनी टू द निझाम्स गव्हर्नमेंट.’ निजाम सरकारला कर्ता केले, तर ‘बॉरोड मनी फ्रॉम द कंपनी’. पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या खर्चाची बाकी निजामाकडे साचत गेली. म्हणजे ‘ही ओड मनी टू द ईस्ट इंडिया कंपनी’. अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. कागदोपत्री मालकी निजामाची, महसूल आणि कारभार इंग्रजांच्या हाती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात नवा करार झाला आणि वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना देण्यात आला. त्या वेळी आपला जिल्हा ‘वणी’ या नावाने ओळखला जाई. त्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले.

आता ‘लीज’ची दोन वाक्ये पाहा. ‘द निझाम लीज्ड बेरार टू द ब्रिटिश.’ ‘द ब्रिटिश लीज्ड बेरार फ्रॉम द निझाम.’ दोन्ही बरोबर, दोन्हींचा अर्थ एकच. पण पहिल्या वाक्यात ‘टू’च्या जागी ‘फ्रॉम’ पडू द्या, की वऱ्हाडचा मालक बदलला! ज्या मुलखातील माणसे एका थकबाकीपायी दुसऱ्याच्या कारभाराखाली गेली, त्या मुलखातील विद्यार्थ्याने ही अव्यये हलकी मानू नयेत.

६. कागदावरचे शब्द

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कर्जाच्या इंग्रजी कागदावर सहसा चार-पाच नावांच्या जागा असतात. ‘लेंडर’ म्हणजे धनको, बहुधा बँक किंवा पतसंस्था. ‘बॉरोअर’ म्हणजे ऋणको. ‘को-बॉरोअर’ म्हणजे सहऋणको. हा केवळ सोबती नव्हे. कर्ज जणू त्यानेही घेतलेले असते. शैक्षणिक कर्जात विद्यार्थ्याबरोबर आईवडिलांची सही बहुधा याच जागी असते. ‘गॅरंटर’ म्हणजे जामीनदार. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आणि ‘विटनेस’ म्हणजे साक्षीदार. त्याने सही आपल्यासमोर झाली एवढेच सांगायचे असते, त्याला पैसे भरावे लागत नाहीत.

‘नुसती सही तर करायची आहे’ असे म्हणून शेजारधर्माने सही करणारा माणूस यांपैकी कोणत्या शब्दाखाली सही करतो, यावर पुढे त्याच्या शेताचे काय होईल हे अवलंबून असते. ‘विटनेस’ समजून ‘गॅरंटर’च्या ओळीवर केलेली सही नंतर पुसता येत नाही.

न वाचलेल्या कागदाचे दुःख महाराष्ट्राला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. तो पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्या उठावात शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता कर्जखतांवर. खते मागून घ्यायची आणि जाळायची. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला, त्यात काय लिहिले आहे हे अनेकांना ठाऊक नव्हते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर व्हावे अशी तरतूद होती. आज ‘महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४’ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि वित्तसंस्थांनी दिलेल्या नव्या किरकोळ व लघुउद्योगांच्या मुदती कर्जांत ठळक बाबींचे एक पत्रक ऋणकोला द्यावे लागते. ते त्याला कळणाऱ्या भाषेत असावे आणि त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा, असे बंधन आहे. मराठीतून पत्रक मागणे हा उपकार मागणे नव्हे. तो आपला हक्क आहे, हे घरी सांगावे.

परंतु कायदा कागद आपल्या पुढ्यात आणून ठेवू शकतो. वाचायचे काम आपल्यालाच करावे लागते. इंग्रजी शिकण्याचा हेतू केवळ नोकरीचा अर्ज लिहिणे एवढाच नाही. ज्या कागदाने घरची जमीन जाऊ शकते, तो कागद वाचता येणे हाही त्या शिक्षणाचा हेतू आहे. त्यासाठी सबंध शब्दकोश लागत नाही. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे सांगणारे मोजके शब्द पक्के असले तरी पुष्कळ झाले.

७. स्वाध्याय

गाळलेल्या जागी ‘लेंड’ किंवा ‘बॉरो’ यांचे योग्य रूप भरा. प्रत्येक वेळी आधी विचारा : आदल्या दिवशी वस्तू कोणाजवळ होती?

(१) कॅन आय — युवर अम्ब्रेला?
(२) द सोसायटी — मनी टू इट्स मेंबर्स एव्हरी जून.
(३) माय ब्रदर — अ बुलक-कार्ट फ्रॉम अवर नेबर यस्टर्डे.
(४) शी — मी हर नोट्स लास्ट वीक.
(५) मराठी हॅज — मेनी वर्ड्स फ्रॉम पर्शियन.
(६) प्लीज — मी टेन रुपीज.
(७) द मनी वॉज — टू हिम ॲट अ हाय रेट ऑफ इंटरेस्ट.
(८) नेव्हर — मोअर दॅन यू कॅन रिपे.

पुढील वाक्ये दुरुस्त करा.

(९) आय इश्यूड धिस नॉव्हेल फ्रॉम द लायब्ररी.
(१०) माय अंकल लेंट अ पंप फ्रॉम हिज फ्रेंड.

उत्तरे : (१) बॉरो (२) लेंड्स (३) बॉरोड (४) लेंट (५) बॉरोड (६) लेंड (७) लेंट (८) बॉरो (९) आय बॉरोड धिस नॉव्हेल फ्रॉम द लायब्ररी (१०) माय अंकल बॉरोड अ पंप फ्रॉम हिज फ्रेंड.

अकरावा प्रश्न घरी सोडवायचा आहे. घरात कर्जाचा एखादा जुना कागद असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून तो काढावा. ‘लेंडर’, ‘बॉरोअर’ आणि ‘गॅरंटर’ हे शब्द त्यात शोधावेत, आणि प्रत्येकाखाली कोणाचे नाव आहे ते घरच्यांना मराठीत वाचून दाखवावे. या प्रश्नाला गुण नाहीत. उत्तर मात्र बिनचूक आले पाहिजे.